गॉस्पेल ग्रुपला 'संस्थेचा सपोर्ट' पायजे म्हणजे नेमकं काय पायजे? सोलापुरातून एक लांबलचक उत्तर

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. आपल्या सोलापुरातल्याच एका मुलीनं विचारलंय. ९ जणांचा ग्रुप आहे, मराठी आणि थोडी तेलुगू ख्रिस्ती गाणी म्हणतात, स्वतःची ६-७ गाणी तयार आहेत. मध्येच परदेशातल्या कुठल्यातरी संस्थेचा मेल आला की तुमचं गाणं अवॉर्डसाठी सिलेक्ट झालंय, १५,००० प्रोसेसिंग फी भरा. तर ते भरावं का, अमेरिकेतल्या गॉस्पेल म्युझिक असोसिएशनचं मेंबर व्हावं का, भारतात असं पाठीशी उभं राहणारं कोण आहे, आपणच संस्था काढली तर कसं, आणि नाताळात कॅरल राउंडला परवानगी लागते का.

जय ख्रिस्त बाळा. मी पेटीवर बसलो तेव्हा नववीत होतो, आता कीबोर्ड, क्वायर, एक छोटी रेकॉर्डिंगची खोली आणि गेली बरीच वर्षं एका नोंदणीकृत संस्थेची कागदपत्रं, असं सगळं सांभाळायलोय, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बस.

आधी तो मेल. भरू नको. अवॉर्ड देणाऱ्या खऱ्या संस्था पण काही ठिकाणी एंट्री फी घेतात, ते खोटं नाही, पण तिथं गाणं तू स्वतः पाठवतेस, फॉर्म तू भरतेस. तू पाठवलेलंच नाही ते गाणं सिलेक्ट कसं झालं? यूट्यूबवरून नाव उचललं आणि शंभर जणांना एकच मेल टाकला, एवढाच धंदा आहे तो. १५,००० मध्ये सेकंडहँड का होईना बरं ऑडिओ इंटरफेस नि एक माइक येतो, तो घे.

आता गॉस्पेल म्युझिक असोसिएशन, म्हणजे जीएमए. ही खरी संस्था आहे, १९६४ ला सुरू झाली, नॅशव्हिलला ऑफिस. सुरुवातीला त्यात तिकडच्या दक्षिणेतल्या गॉस्पेल क्वार्टेटवाल्यांचा भरणा होता, चार पुरुष आवाज आणि एक पियानो असला प्रकार. पुढं मग सगळ्या प्रकारचं ख्रिस्ती संगीत त्यात आलं. त्यांचे डव्ह अवॉर्ड्स १९६९ पासून, पहिला कार्यक्रम मेम्फिसला झाला. मेंबर लोक मतं देतात. आणि मजा बघ, तिसऱ्याच वर्षी, १९७१ ला, मतं गोळा करण्यावरून एवढा गोंधळ झाला की त्या वर्षीचे निकालच रद्द करायला लागले. ख्रिस्ती संस्था असली म्हणून मतदान सरळ होतं असं काही नाही, आपल्या कमिट्यांच्या निवडणुका बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

त्यांचं एक हॉल ऑफ फेम पण आहे, त्यात महेलिया जॅक्सन या गॉस्पेल गायिकेचं नाव १९७८ ला घेतलं. पण मुळात ती इंडस्ट्रीची संस्था आहे. म्हणजे तिकडच्या रेकॉर्ड कंपन्या, रेडिओवाले, प्रकाशक, मॅनेजर, कलाकार यांना एका टेबलावर आणणारी. तुझ्या ग्रुपची अडचण ही आहे की तबलजी मे महिन्यात गावाला जातो आणि सगळी गाणी एकाच्याच मोबाइलमध्ये आहेत. ती अडचण नॅशव्हिलमधून सुटणार नाही. मेंबर झालीस तर वाईट काही नाही, पण आत्ता त्यात पैसे घालू नको असं माझं स्पष्ट मत आहे.

खरं तर तुला ज्यांच्याकडून शिकता येईल त्या संस्था दुसऱ्याच आहेत आणि त्यांचं नाव आपल्याकडं कोणी घेत नाही.

थॉमस डॉर्सी नावाचा माणूस. पाळकाचा मुलगा, पण शिकागोत ब्लूज वाजवायचा, जॉर्जिया टॉम या नावानं, आणि ती गाणी काही चर्चमध्ये म्हणण्यासारखी नव्हती. मग तो गॉस्पेलकडं वळला तर चर्चवाल्यांनी सुरुवातीला दारातच अडवला, कारण चाल ऐकली की लोकांना क्लबची आठवण यायची. (आपल्याकडं ढोलकी नि ऑक्टोपॅड उपासनेत आणला तेव्हा काय झालं होतं ते ज्येष्ठ मंडळींना विचार, सेम टु सेम.) १९३२ ला बाळंतपणात त्याची बायको गेली आणि पाठोपाठ बाळ पण गेलं. त्या दुःखातून त्यानं जे गाणं लिहिलं ते आज जगभर म्हणतात. पण मला त्या गाण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं ते त्यानं त्याच सुमारास केलेलं दुसरं काम. त्यानं स्वतःची गाणी स्वतः छापली, सुटी पानं, नोटेशनसकट, आणि एकेका चर्चमध्ये जाऊन विकली. तेव्हा गोऱ्यांच्या मोठ्या प्रकाशन संस्था काळ्या लेखकाचं गॉस्पेल छापायला बसल्या नव्हत्या. आणि त्याच्या बरोबर सॅली मार्टिन होती. बाईंचा आवाज जाडाभरडा, पण हिशोब पक्का. डॉर्सीला पैशाचं भान नव्हतं, तिनं विक्रीला शिस्त लावली, गावोगाव जाऊन क्वायर उभ्या केल्या. पुढं १९४० ला केनेथ मॉरिसबरोबर तिनं स्वतःची प्रकाशन संस्था काढली.

या लोकांनी १९३२-३३ ला शिकागोत नॅशनल कन्व्हेन्शन ऑफ गॉस्पेल क्वायर्स अँड कोरसेस उभं केलं. आपल्याकडं 'कन्व्हेन्शन' म्हटलं की तीन दिवसाच्या सभा, मांडव, बाहेरचा वक्ता आणि रात्री जेवण. त्यांचं कन्व्हेन्शन म्हणजे क्वायरवाल्यांचं शिबिर होतं. वेगवेगळ्या शहरातल्या क्वायर एकत्र यायच्या, नवीन गाणी शिकायच्या, आपापल्या गावी घेऊन जायच्या आणि ती पानं विकत पण घ्यायच्या. म्हणजे शिकवणं, छापणं आणि जमवणं ही तीन कामं एकाच ठिकाणी. त्यात अवॉर्ड कुठंच नव्हतं.

आणि याच डॉर्सीच्या चर्चमधल्या लहान मुलांच्या क्वायरमध्ये एक पोरगा गायचा, जेम्स क्लीव्हलँड. मोठा झाल्यावर त्यानं १९६७ मध्ये डेट्रॉइटला गॉस्पेल म्युझिक वर्कशॉप ऑफ अमेरिका काढलं. त्याची रचना मला फार आवडते. गावोगाव शाखा, शाखा वर्षभर आपली आपली प्रॅक्टिस करते आणि वर्षातून एकदा सगळे एका शहरात जमतात, क्लास चालतात, हजारोंची एकत्र क्वायर गाते आणि तिचं रेकॉर्डिंग पण निघतं. गावातल्या कोपऱ्यातल्या एखाद्या अल्टो म्हणणाऱ्या बाईचा पण आवाज त्या रेकॉर्डिंगमध्ये असतो. अगं ही तर आपली दिंडीच की! गावाची फड वेगळी, पण पोचायचं एकाच ठिकाणी. सोलापुरातनं आषाढीला किती दिंड्या जातात ते बघत मोठे झालेलो आपण, आपल्याला ही पद्धत कोणी वेगळी शिकवायला नको.

इंग्लंडमध्ये पण एक आहे, रॉयल स्कूल ऑफ चर्च म्युझिक, १९२७ ला सिडनी निकल्सननं सुरू केलं, तेव्हा नाव वेगळं होतं. तिथं भर क्वायर ट्रेनिंगवर आहे. आपल्या गाण्याच्या पद्धतीशी ते थेट जुळत नाही, तरी श्वास कुठं घ्यायचा, शब्द कसा टाकायचा, हे शिकवायची त्यांची पायरी-पायरीची पद्धत बघण्यासारखी आहे.

आता भारतात. सरळ 'गॉस्पेल असोसिएशन' पाटी लावलेलं, पैसे देणारं ऑफिस शोधू नको. मदत वेगवेगळ्या ठिकाणी वाटलेली आहे आणि ती गोळा करावी लागते. एक म्हणजे रेडिओवाल्या मिशन संस्था. ट्रान्स वर्ल्ड रेडिओ आणि फेबा, दोघांनीही भारतीय भाषांत कार्यक्रम केले आणि कार्यक्रम म्हटलं की गाणी लागतातच, तर त्या निमित्तानं कितीतरी खेड्यातल्या गायकांनी आयुष्यात पहिल्यांदा स्टुडिओ बघितला. मी पण त्यातलाच, अशाच एका रेडिओच्या रेकॉर्डिंगला पुण्याला गेलो होतो, जाताना ट्रेनमध्ये पेटी मांडीवर. दुसरं म्हणजे कॅथलिक लोकांनी या बाबतीत आपल्यापेक्षा जास्त पद्धतशीर काम केलंय. अंधेरीचा ज्ञान आश्रम बघ, जॉर्ज प्रॉक्श नावाच्या फादरनी उभा केलेला, स्वतः युरोपातनं आलेले आणि इथं येऊन हिंदी भजनं रचली, भारतीय संगीत आणि नृत्य शिकवायची सोय केली. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला कलै कावेरी आहे, तिथं तर नृत्य-संगीताचं कॉलेजच आहे. तू कुठल्या मंडळीची, म्हणजे चर्चची, आहेस याचा इथं प्रश्न येत नाही, शिकायला जाताना दारावरची पाटी बघायची नसते.

तिसरं, आणि सोलापुरातल्या पोरांनी हेच आधी करावं, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा. प्रारंभिक, प्रवेशिका असं चढत विशारदपर्यंत. आपल्याकडं केंद्र आहे, क्लासवाले ढिगानं आहेत. कीबोर्डवाल्यानं लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षा दिल्या तर उत्तम. माझ्याकडं येणारी निम्मी पोरं कॉर्ड मस्त धरतात पण गाणं यमनमध्ये आहे का भूपमध्ये ते सांगता येत नाही, आणि मग जुन्या गीताला वेस्टर्न कॉर्ड लावताना असा स्वर घालतात की पहिल्या बाकावरची आजी वळून बघते. तिला राग माहीत नसतो पण चुकलं ते कळतं.

जुन्या गीतांवरनं आठवलं, आणि इथं मी जरा रेंगाळणार. आपल्या मराठी ख्रिस्ती संगीताचा पाया नगरच्या बाजूला घातला गेला. आधी बरीचशी गीतं इंग्रजीवरनं भाषांतर केलेली, चाल पण तिकडची, मराठी शब्दांची पार ओढाताण व्हायची. मग कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी कीर्तनाचा बाज आणला आणि रेव्हरंड टिळकांनी, म्हणजे ना. वा. टिळकांनी, अभंग नि ओवीच्या अंगानं अशी गीतं दिली की ती आपलीच वाटायला लागली. 'उपासना संगीत' हे आपलं गीतपुस्तक उघडलं की त्यांचं नाव पानोपानी दिसतं. टिळक गेले १९१९ ला. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे त्यांचे शब्द आता सगळ्यांचे आहेत, कोणाची परवानगी नको, कोणाला फी नको. एवढा मोठा खजिना फुकट पडलाय आणि पोरं इंग्रजी वर्शिप गाण्याचं मोडकं-तोडकं मराठी करून म्हणायलेत, ज्याला परवानगी लागते आणि ती कोणी घेत नाही.

पण त्यात एक ग्यानबाची मेख आहे. माझ्या घरातल्या प्रतीत शब्द आहेत, स्वरलिपी नाही. चाल तोंडातोंडी चालत आली. काही वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळातल्या एका आजींनी मला एक गीत वेगळ्याच चालीत म्हणून दाखवलं, आम्ही सगळे जे म्हणतो त्याच्याशी काही संबंध नाही, तिच्या सासूकडनं आलेली चाल, जात्यावरच्या ओवीसारखी, मध्येच एक कोमल निषाद असा लागायचा की अंगावर काटा यायचा. मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं, म्हटलं पुढच्या रविवारी नीट माइक लावून घेऊ. पुढच्या रविवारी पाऊस होता, त्याच्या पुढच्या रविवारी माझं काम निघालं, आणि दोन महिन्यांत आजी गेल्या. आता माझ्याकडं ते एकच रेकॉर्डिंग आहे, मागं कुकरची शिट्टी आहे त्यात. त्यानंतर मी जुन्या चाली गोळा करायला लागलो, ४० च्या आसपास झाल्यात, भातखंडे पद्धतीनं लिहून ठेवल्यात.

सोलापूर या कामाला सोन्यासारखं गाव आहे. एकाच रविवारी एकाच गावात मराठी, तेलुगू, कन्नड उपासना ऐकायला मिळते. तेलुगू लोकांचं स्वतःचं मोठं गीतपुस्तक आहे, 'आंध्र क्रैस्तव कीर्तनलु', त्यातल्या चाली कर्नाटकी वळणाच्या, त्या म्हणताना त्यांचा ताल वेगळाच चालतो. तुझ्या ग्रुपमध्ये तेलुगू म्हणणारी पोरं आहेत म्हणतेस, मग त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी जाऊन बस की. शेंगाची चटणी नि कडक भाकरी मिळेल, चाल पण मिळेल.

आता कागदाचं बोलू, कारण तू विचारलं नाहीस पण खरा मार हिथंच बसतो.

मी पोरगेला होतो तेव्हा आम्ही एक कॅसेट काढली. ८ गाणी, ५ माझी. काढणाऱ्या माणसानं (नाव सोड) स्टुडिओचे पैसे भरले, आम्हाला ५०-५० कॅसेट दिल्या, एका छापील कागदावर सह्या घेतल्या. वाचला कोणी? कोणी नाही. आम्ही तर फोटो कसा आलाय ते बघत होतो. आता ती गाणी यूट्यूबवर आहेत, दुसऱ्याच नावानं, आणि मी माझंच गाणं माझ्याच चॅनलवर टाकलं तर मलाच कॉपीराइट क्लेम आला. हसू नको. माझ्याकडं त्या कागदाची झेरॉक्स पण नव्हती, भांडायचं कशावर?

म्हणून हे नीट वाच. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कायद्यानं लेखी कागद लागतो, तोंडी चालत नाही. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, आणि कुठल्या भागासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. म्हणजे 'कायमचे सर्व हक्क' असं समोरचा लिहून घेतो ते काय उगाच नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही, तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. सोसायटी म्हणजे रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था, आपल्याकडं आयपीआरएस, मुंबईला, १९६९ पासूनची. शब्द लिहिणाऱ्यानं आणि चाल लावणाऱ्यानं तिथं मेंबर व्हायचं, गाण्यांची नोंद करायची. तुला खरोखर उपयोगी पडणारी पहिली संस्था हीच, आणि तिच्या नावात गॉस्पेल हा शब्दच नाही.

कॉपीराइट ऑफिसला रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, गाणं लिहिलं की हक्क तयार होतो, पण पुरावा म्हणून करायचं असेल तर शब्दांना किंवा संगीताला प्रत्येकी ५०० रुपये आणि साउंड रेकॉर्डिंगला २,००० रुपये फी आहे. सगळ्याच गाण्यांचं जमलं नाही तर जे गाणं लोक म्हणायला लागलेत त्याचं कर. आणि एक वही घाल. खरी वही, दोनशे पानी. गाण्याचं नाव, शब्द कोणाचे, चाल कोणाची, किती टक्के कोणाला, पहिल्यांदा कधी म्हटलं, सगळ्यांच्या सह्या. ९ जण आज जिवलग आहेत, उद्या कोणाचं लग्न होऊन पुण्याला जाईल, कोणाचं भांडण होईल, तेव्हा 'ती चाल माझी होती' हे सुरू होतंच. मी तीन ग्रुप त्याच्यावर फुटलेले बघितलेत, गाणं खराब म्हणून एकही नाही.

दुसऱ्याचं गाणं म्हणायचं असेल तर? उपासनेत म्हणायला अडचण नाही, कायद्यात धार्मिक विधीसाठी सरळ सूट आहे, लग्नाला पण आहे. हौशी मंडळानं बिनतिकीट कार्यक्रम केला किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केला तर गाणं स्वतः वाजवून म्हणायला पण सूट आहे. पण ही दुसरी सूट गाण्याला आहे, दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगला नाही, म्हणजे कोणाचातरी मायनस ट्रॅक (गायकाचा आवाज काढलेलं तयार संगीत) लावून मदतनिधीचा कार्यक्रम केला तर तू त्या सुटीच्या बाहेर गेलीस. आणि यूट्यूबवर टाकलंस की तिथं उपासना वगैरे कारण चालत नाही. भाषांतराचा हक्क मूळ मालकाचा असतो, हे तर बहुतेकांना माहीतच नसतं.

तिकडच्या लोकांनी यावर तोडगा काढला तो सीसीएलआय, म्हणजे चर्चना गाणी वापरायचा परवाना देणारी संस्था. त्याची गंमत अशी की चर्चवाले वर्षानुवर्षं गाण्यांच्या झेरॉक्स काढायचे, देवाचं काम म्हणून कोण बोलणार. मग एका गीत-प्रकाशकानं शिकागोच्या कॅथलिक धर्मप्रांतावर दावा लावला आणि १९८४ ला ज्युरीनं ३० लाख डॉलरच्या वर भरपाई सांगितली. पुढं अपिलात त्यातला मोठा भाग गेला, पण तोपर्यंत सगळे चर्चवाले घाबरलेले. तेव्हा पोर्टलंडमधल्या चर्चचं संगीत बघणाऱ्या हॉवर्ड रचिन्स्की नावाच्या माणसानं विचार केला की प्रत्येक गाण्याला वेगळी चिठ्ठी लिहिण्यापेक्षा एकच वार्षिक परवाना काढू, चर्चच्या आकाराप्रमाणं फी, कुठली गाणी वापरली ते कळवायचं आणि पैसे त्या-त्या लेखकाला जायचे. १९८८ पासून ते त्या नावानं चालू आहे. गाणाऱ्याच्या हातात पैसे पोचवणारी ही व्यवस्था मला दहा अवॉर्डांपेक्षा मोठी वाटते. मराठी ख्रिस्ती गीतकारांसाठी असं काही का नाही? कारण आपल्याकडं कुठलं गाणं कोणाचं आहे याची यादीच नाही, मग वाटणार कोणाला.

आता संस्था काढायचं. काढ, पण लगेच नको. एक वर्ष नुसतं मंडळ म्हणून चालवा, महिन्याला वर्गणी, एक जण खजिनदार, दर महिन्याला हिशोब ग्रुपवर. वर्षभर हिशोब टिकला तरच नोंदणीला जा. सोसायटी नोंदणीच्या १८६० च्या कायद्याखाली किमान ७ जण लागतात, तुम्ही ९ आहात म्हणजे जमतंय, आणि महाराष्ट्रात पुढं सार्वजनिक न्यास अधिनियम १९५० खाली पण नोंद होते, धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस. तिथं उद्देश लिहिताना मोघम लिहू नका. 'ख्रिस्ती संगीताचे प्रशिक्षण, जतन, स्वरलेखन व प्रकाशन' असं सरळ लिहा. एकाच घरातले चार जण कमिटीत घेऊ नका, हे कायद्यापेक्षा अनुभवाचं सांगतो. आणि विश्वस्त बदलला की ९० दिवसात चेंज रिपोर्ट द्यायचा. हा चेंज रिपोर्ट न दिल्यामुळं किती चांगल्या संस्थांची बँक खाती अडकलीत सांगू! आमचं पण एकदा अडकलं होतं, जुने अध्यक्ष वारले, आम्ही शोकसभा केली, गाणी म्हटली, कागद मात्र कोणी दिला नाही. आठ महिने सही चालेना, तोवर शिबिराचा खर्च खिशातनं.

परदेशी पैशाचं तर दहादा सांगतो. कोणी बाहेरचा भाऊ 'तुमच्या मिनिस्ट्रीला सपोर्ट करतो' म्हणाला आणि तुझ्या नाहीतर ग्रुपच्या खात्यावर डोनेशन टाकलं तर तो एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याचा, भंग आहे, हेतू कितीही चांगला असू दे. त्याला वेगळी नोंदणी लागते, त्यासाठी संस्था किमान ३ वर्षं जुनी आणि तेवढ्या काळात मूळ कामावर १५ लाख खर्च केलेला दाखवावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला लागतो, आणि ज्या संस्थेकडं एफसीआरए आहे ती पण तो पैसा तुला पुढं देऊ शकत नाही. 'आमच्या खात्यातनं फिरवून घ्या' असं कोणी म्हणालं तर उठून ये तिथनं. आपल्या गावातल्या माणसांनी दिलेले शंभर-दोनशे बरे, पावती फाडायची नि रात्री झोप लागते.

आम्ही काय करतो ते सांगतो, तेवढंच तुझ्या कामाला येईल. मे महिन्यात १० दिवसाचं शिबिर, सकाळी साडेसहा ते दहा, कारण त्यानंतर सोलापुरात पेटीच्या भात्याला पण घाम येतो. फी नावाला, आणलेल्या डब्यातनं नाश्ता. एक गट सुरांचा, एक तालाचा, आणि तिसरा गट फक्त लिहून घ्यायचा, तो मी घेतो. दर शिबिरात ४ जुनी गीतं स्वरलिपीसकट झेरॉक्स करून सगळ्यांना द्यायची, टिळकांची किंवा तशीच कॉपीराइट संपलेली. शेवटच्या दिवशी सगळ्या मंडळ्यांच्या क्वायर एकत्र, भाषा तीन, गीत एक. पहिल्या वर्षी एका मंडळीनं पोरं पाठवली नाहीत, 'त्यांच्या शिबिरात आमची पोरं कशाला' म्हणाले. दुसऱ्या वर्षी पोरंच परवानगी न विचारता आली. तुझ्या ग्रुपला मी याच्यात ओढणार आहे हे आत्ताच सांगून ठेवतो.

राहिलं नाताळचं. माइक-स्पीकर न लावता, गिटार नि डफलीवर घरोघरी कॅरल म्हणत फिरायचं असेल तर लाउडस्पीकरच्या परवान्याचा प्रश्न येत नाही, तरी आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात तारखा आणि रूट लिहून एक अर्ज देऊन पोच घ्या, रात्री बंदोबस्तवाला भेटला की कागद दाखवता येतो. टेम्पोवर स्पीकर लावणार असाल तर परवाना पायजेच, आणि २००० च्या ध्वनी नियमाप्रमाणं रात्री १० ते सकाळी ६ बंद. वर्षातले काही ठरावीक दिवस १२ पर्यंत सूट असते, त्याची यादी जिल्हाधिकारी काढतात, त्यात त्या वर्षी कुठले दिवस आहेत ते आधी बघा, मागच्या वर्षी होता म्हणून धरून चालू नका. दवाखान्यासमोरनं जाताना गाणं थांबवायचं, हे परवान्यात लिहिलेलं नसलं तरी. आणि पहिलं घर त्या आजीआजोबांचं घ्या जे लवकर झोपतात. आम्ही दरवर्षी ते शेवटी ठेवायचो, आणि दरवर्षी एक बाबा बनियनवर दार उघडून म्हणायचे, 'आता कशाला आलाय रे, म्हणा लवकर आणि जावा.'